मे महिन्यात वकिलाचे ऑफिस कसे चालवावे

एप्रिल संपत आला की जिल्ह्याजिल्ह्यांच्या बार रूममध्ये दरवर्षी तेच प्रश्न सुरू होतात. मुदत सुट्टीत संपते आहे, मग दावा जूनमध्ये दाखल केला तर चालेल का? कारकुनाला महिनाभर सोडायचे का? सोडले तर पगाराचे काय? मनाई हुकूम 8 मेपर्यंतच आहे, पुढे काय? नव्याने स्वतःचे ऑफिस थाटलेल्या वकिलांना तर एक धास्तीही असते: महिनाभर बोर्ड नाही म्हणजे महिनाभर फी नाही.

या प्रश्नांची उत्तरे फारशी अवघड नाहीत, पण ती मेच्या तिसऱ्या आठवड्यात शोधायला बसलात तर उशीर झालेला असतो. कोर्टाला सुट्टी लागते, पक्षकारांच्या अडचणींना आणि कायद्यातल्या बऱ्याचशा मुदतींना लागत नाही. उन्हाळ्यातले नियोजन याच फरकापासून सुरू करा.

सुट्टी नेमकी कोणाला आहे?

मुंबई उच्च न्यायालय आणि राज्यातील दिवाणी न्यायालये साधारण मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत बंद असतात. नेमक्या तारखा दरवर्षी बदलतात. त्यामुळे उच्च न्यायालयाचे कॅलेंडर आणि आपल्या जिल्हा न्यायाधीशांचे परिपत्रक छापून ऑफिसच्या भिंतीवर लावा. परिपत्रकात सुट्टीतील न्यायाधीश कोण, ते कोणत्या दिवशी आणि कोणत्या ठिकाणी बसणार, हे दिलेले असते. तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्यांनी ठिकाण विशेष पाहावे. तातडीच्या कामासाठी जिल्ह्याला जावे लागले, तर पक्षकाराचा आणि तुमचा अख्खा दिवस जातो.

फौजदारी काम पूर्ण थांबत नाही. अटक, रिमांड आणि जामीन यांना सुट्टी नाही. सर्वोच्च न्यायालयाने तर नोव्हेंबर 2024 च्या नियमदुरुस्तीत ‘उन्हाळी सुट्टी’ हा शब्दच काढून त्या काळाला ‘अंशतः कामकाजाचे दिवस’ असे नाव दिले. 2025 मध्ये हा काळ 26 मे ते 13 जुलै होता. तुमचा एखादा पक्षकार दिल्लीपर्यंत गेला असेल, तर तिथले वेळापत्रक वेगळे आहे हे त्याला आधीच सांगून ठेवा.

तहसीलदार, प्रांत, दुय्यम निबंधक, पोलीस ठाणे, बँक आणि पोस्ट ही कार्यालये मे महिन्यात नेहमीसारखी सुरू असतात. लवादांच्या बैठकाही बहुधा चालू राहतात. ज्या ऑफिसात महसूल, नोंदणी किंवा लवादाचे काम आहे, तिथे ‘सगळे बंद’ असा महिना येतच नाही.

मुदती: इथे सर्वाधिक चुका होतात

मुदत अधिनियम, 1963 चे कलम 4 सगळ्यांना तोंडपाठ असते. दावा, अपील किंवा अर्जाच्या मुदतीचा शेवटचा दिवस कोर्ट बंद असताना आला, तर कोर्ट उघडेल त्या दिवशी ते दाखल करता येते. ‘त्या दिवशी’ हे शब्द अधोरेखित करून ठेवा. दुसऱ्या दिवशी नाही. अपील किंवा अर्ज असेल, तर कलम 5 खाली विलंब माफ करून मागता येतो. दाव्याला तीही सोय नाही. वसुलीच्या दाव्याची तीन वर्षे 20 मे रोजी संपत असतील आणि कोर्ट जूनच्या पहिल्या सोमवारी उघडणार असेल, तर त्या सोमवारी सकाळी कोर्ट फीसह दावा तयार हवा. मुदत सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी संपत असेल, तर कलम 4 चा काहीच उपयोग नाही.

काही मुदती मात्र या कलमाच्या आधाराने वाचत नाहीत.

- धनादेश न वटल्याची नोटीस. बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस द्यावी लागते. मेमो 2 मे रोजी मिळाला, तर 1 जून हा शेवटचा दिवस. नोटीस ऑफिसातून निघते आणि पोस्टाने जाते, कोर्टाच्या सुट्टीशी तिचा संबंध नाही. पुढची फिर्याद दाखल करायला उशीर झाला तर कलम 142 खाली तो माफ होऊ शकतो, नोटिशीचा उशीर माफ होत नाही. एकच मेमो मेमध्ये कपाटात राहिला, तर पक्षकाराचा फौजदारी मार्ग त्या धनादेशापुरता बंद होऊ शकतो.

- लवादाच्या निवाड्याला आव्हान. कलम 34 खाली तीन महिने आणि कोर्टाने मान्य केल्यास आणखी 30 दिवस मिळतात, त्यापुढे एकही नाही. सुट्टीचा लाभ फक्त मूळ तीन महिन्यांना आहे, वाढीव 30 दिवसांना नाही. आसाम अर्बन वॉटर सप्लाय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच हे स्पष्ट केले होते. जानेवारी 2025 मध्ये माय प्रिफर्ड ट्रान्सफॉर्मेशन विरुद्ध फरिदाबाद इम्प्लिमेंट्स या निकालात तेच पुन्हा सांगितले गेले. त्या प्रकरणाच्या तारखा अंगावर काटा आणतात. तीन महिने 29 मे 2022 रोजी संपले, वाढीव 30 दिवस 28 जूनला. कोर्टाला 4 जून ते 3 जुलै उन्हाळी सुट्टी होती. अर्ज कोर्ट उघडताच 4 जुलैला दाखल झाला आणि मुदतबाह्य ठरला.

- आरोपीचा हक्काचा जामीन. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 187 खालचे 60 किंवा 90 दिवस सुट्टीत थांबत नाहीत. कोविडमुळे इतर मुदती वाढवल्या गेल्या, तेव्हाही सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या एस. कासी प्रकरणात तपासाच्या या मुदतीला तो लाभ दिला नाही. कोठडीतल्या प्रत्येक आरोपीच्या फायलीवर 61 वा किंवा 91 वा दिवस लाल शाईने लिहा. दोषारोपपत्र येण्याआधी जामिनाचा अर्ज दाखल झाला पाहिजे. त्या दिवशी वकील गावाला गेला म्हणून आरोपीचा हक्क हुकला, तर जूनमध्ये तो परत मिळत नाही.

- लेखी कैफियत. वाणिज्यिक दाव्यात 120 दिवसांनंतर कैफियत घेतली जात नाही. मधे मे महिना येतो म्हणून चार आठवडे जास्त मिळतील असे धरू नका. मसुदा एप्रिलमध्येच पक्षकाराकडून सही करून घ्या.

कोणत्याही फायलीबद्दल शंका वाटली, तर उपाय एकच आहे: सुट्टी लागण्याआधी दाखल करा. कलम 4 वर युक्तिवाद करण्याची पाळी आपल्या पक्षकारावर यावीच कशाला?

सुट्टीच्या आधीचा आठवडा

पुढची कामे कोर्ट चालू असेपर्यंतच होतात. ऑफिसातली प्रत्येक चालू फाईल हातात घेऊन तपासा. संगणकावरची यादी पुरेशी नाही, कारण पाकिटात खोचलेली नोटीस यादीत नसते.

- कॅव्हेट. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 148-अ खालचे कॅव्हेट 90 दिवस टिकते. 20 फेब्रुवारीला दाखल केलेले कॅव्हेट 21 मेच्या सुमारास संपते, म्हणजे ऐन सुट्टीत. समोरच्याला एकतर्फी हुकूम हवा असेल, तर तो नेमकी हीच वेळ निवडतो. एप्रिलच्या शेवटी नवे कॅव्हेट द्या.

- तूर्तातूर्त मनाई. हुकूम ‘पुढील आदेशापर्यंत’ आहे की एखाद्या तारखेपर्यंत, हे रोजनाम्यात वाचा. सहा महिन्यांनी स्थगिती आपोआप उठते हा जुना दंडक सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 29 फेब्रुवारी 2024 रोजी रद्द केला, हे खरे. पण तारखेपुरता दिलेला हुकूम त्या तारखेलाच संपतो. तो आधीच वाढवून घ्या.

- नकला. अपील करायचे असेल, तर नकलेचा अर्ज आताच करा. नक्कल मिळायला लागलेला काळ मुदत अधिनियमाच्या कलम 12 खाली वजा होतो, पण त्यासाठी अर्ज झालेला असावा लागतो.

- वकीलपत्र. तुम्ही बाहेरगावी जाणार असाल, तर सहकाऱ्याचे नाव वकीलपत्रात आधीच घाला. नुसत्या हजेरीच्या मेमोवर तो युक्तिवाद करू शकेल, अर्ज किंवा दावा दाखल करू शकणार नाही.

सुट्टीतील न्यायाधीशांसमोर काय न्यावे

सुट्टीतील न्यायाधीश फक्त तातडीचे काम ऐकतात, आणि तातडी अर्जावरून दिसली पाहिजे. समजा, महापालिकेने 6 मे रोजी घर पाडण्याची नोटीस चिकटवली आणि सात दिवसांची मुदत दिली. अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात नोटिशीची तारीख, मुदत संपण्याची तारीख आणि कोर्ट उघडण्याची तारीख एकाखाली एक लिहा. तेवढ्यावरून थांबणे का शक्य नाही ते दिसते. सोबत घराचा फोटो, कर पावती आणि नोटिशीची मूळ प्रत जोडा. दोनशे पानांची कागदपत्रे त्या दिवशी कोणी वाचणार नाही.

दावा शासनाविरुद्ध असेल, तर कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस आड येते. तातडीच्या कामात कलम 80(2) खाली परवानगीचा अर्ज त्याच दिवशी द्या. हा अर्ज विसरल्यामुळे चांगल्या दाव्यांचाही विनाकारण वेळ जातो.

मार्चमध्ये मिळालेली नोटीस घेऊन पक्षकार मेमध्ये आला असेल, तर उशिराचे कारण खरे तेच लिहा. ‘आजच कळले’ असे लिहून दिले आणि समोरच्याने पोस्टाची पोच काढली, की पुढची सगळी केस संशयात जाते.

मेमध्ये जे पक्षकार गावात असतात

कोकणातल्या आणि घाटावरच्या बऱ्याच ऑफिसांसाठी मे हा संथ महिना नसतोच. मुंबई-पुण्याचे भाऊ, सासरी गेलेल्या बहिणी, एरवी फोन न उचलणारे काका, सगळे एकाच वेळी गावी आलेले असतात. वर्षानुवर्षे रखडलेले वाटप, हक्कसोड, वारसनोंद आणि बक्षीसपत्र यांना यासारखी दुसरी वेळ नाही. दुय्यम निबंधकांसमोर फोटो आणि अंगठ्यासाठी प्रत्येक जण हजर लागतो. सातपैकी एक भाऊ डोंबिवलीला परतला, तर दस्त अडकतो.

म्हणून एप्रिलमध्येच अशा घरांना कळवा आणि पुढची तयारी सांगा.

- सातबारा, आठ-अ आणि फेरफारांचे ताजे उतारे. जुन्या फेरफारात एखाद्या बहिणीचे नाव सुटले असेल, तर ते आत्ताच उघड होऊ द्या.
- सर्वांचे आधार व पॅन, आणि मयत व्यक्तींचे मृत्यू दाखले.
- जो येऊच शकणार नाही त्याचे कुलमुखत्यारपत्र. नोंदणी अधिनियमाच्या कलम 33 प्रमाणे करून घ्या, घरच्या साध्या कागदावर नको.
- मसुदा सर्वांना किमान आठ दिवस आधी वाचायला. हक्क सोडणाऱ्या बहिणीला तो एकटीने वाचता यावा, तिला वेगळा सल्ला घ्यायचा असेल तर तोही घेता यावा. आमरसाच्या पंगतीनंतर घाईने घेतलेल्या सहीवरून पुढे दहा वर्षे दावे चालतात, आणि त्या सहीच्या वेळी हजर असलेला वकील साक्षीला बोलावला जातो.

सह्या होऊन नोंदणी राहिली, तर सहीपासून चार महिन्यांत दस्त सादर करता येतो. त्यानंतर आणखी चार महिने मिळतात, पण दंडासह.

ज्यांचा दावा कोर्टात पडून आहे, त्यांच्याशी तडजोडीचे बोलायलाही हाच महिना चांगला. दोन्ही बाजू गावात असतात, तारखेची टांगती तलवार नसते. लिहिलेली तडजोड जूनमध्ये कोर्टात किंवा लोकअदालतीत ठेवता येते.

फायली: पाऊस यायच्या आत

22 जुलै 2021 ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरले. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर बुडाले होते. अशा वेळी तळमजल्यावरच्या खालच्या कप्प्यांतले मृत्युपत्र, खरेदीखत किंवा मूळ धनादेश भिजला, तर तो परत उभा करता येत नाही. जूनमध्ये कोर्ट आणि पाऊस बरोबरच येतात, त्यामुळे हे काम मेमध्येच उरकावे लागते.

आधी मूळ दस्त वेगळे काढा. पुराव्यात दाखल करायचे नसलेले मूळ कागद यादी करून, पोच घेऊन पक्षकाराला परत द्या. उरलेले प्लास्टिकच्या पाकिटात घालून वरच्या कप्प्यात ठेवा. भिंतीला टेकलेली कपाटे चार बोटे पुढे ओढा, वाळवी मागूनच येते. मग स्कॅनिंग. प्रत्येक फाईलला सीएनआर क्रमांकाचेच नाव दिले, तर ई-कोर्ट्सवर तारीख पाहायला आणि फाईल शोधायला एकच खूण पुरते.

निकाली फायली रद्दीत घालू नका. पक्षकाराने वकिलाला सांगितलेली माहिती भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 132 खाली संरक्षित आहे. ती रद्दीवाल्याच्या तराजूत जाता कामा नये. कागद कापून नष्ट करा, आणि त्याआधी पक्षकाराला कळवा. फी बाकी आहे म्हणून फाईल अडवूनही ठेवता येत नाही. आर. डी. सक्सेना प्रकरणात 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्ध सांगितले. फीची वसुली वेगळ्या मार्गाने करा, कागद पक्षकाराचे आहेत.

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग इथल्या वकिलांना आणखी एक काम आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले. मुंबईत चालणाऱ्या कोणत्या प्रकरणात आता कोल्हापूरला जायचे, मुंबईच्या सहकाऱ्याकडचे कागद कधी आणायचे, याची यादी या निवांत दिवसांत करून टाका.

पैसा: खरी ओढाताण जूनमध्ये

मेमध्ये आवक कमी होते, पण खर्च जूनमध्ये आदळतात. मुलांच्या शाळा, ऑफिसच्या छताची डागडुजी, 15 जूनचा आगाऊ कराचा पहिला हप्ता. अनुमानित उत्पन्नाची सोय घेतलेल्या वकिलांना आगाऊ कर एकदम 15 मार्चपर्यंत भरायचा असतो, त्यांचा हा हप्ता टळतो.

- झालेल्या कामाची बिले एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पाठवा. सुट्टी लागल्यावर पक्षकार ‘आता जूनमध्येच भेटू’ म्हणतो.
- तीन महिन्यांचे भाडे, पगार आणि वीजबिल यांची बेरीज करा आणि तेवढी रक्कम मार्चपासून बाजूला टाकत जा. पहिल्या वर्षी ती पूर्ण जमणार नाही, महिन्याभराची जमली तरी पुष्कळ.
- कंपन्या आणि बँकांनी फीतून कापलेला कर तुमच्या 26एएस मध्ये दिसतो का ते पाहा. शेवटच्या तिमाहीचे विवरणपत्र त्यांनी 31 मेपर्यंत भरायचे असते. न दिसल्यास जूनच्या मध्यात लेखी मागणी करा.
- कोर्ट फीसाठी पक्षकाराने ठेवलेले पैसे ऑफिसचे नाहीत. भाडे अडले म्हणून त्यातून ‘तात्पुरते’ घेणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. पक्षकाराची रक्कम कर्जासारखी वापरण्याला तिथे स्पष्ट मनाई आहे.

कारकून, ज्युनिअर आणि विद्यार्थी

कारकुनाला सुट्टी द्या आणि त्या काळाचा पगारही द्या. वर्षभर पहाटेपासून नकला, बोर्ड आणि पोस्ट सांभाळणाऱ्या माणसाचा मेमध्ये अर्धा पगार कापणारे ऑफिस जूनमध्ये नवा कारकून शोधत असते. दोघे असतील, तर पाळीपाळीने सोडा, म्हणजे डाक रोज उघडली जाईल. एकच असेल, तर शेजारच्या ऑफिसशी बोलून एकमेकांची डाक घ्या.

बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये ज्युनिअरना शहरात दरमहा 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली. ती सक्तीची नाही आणि लहान ऑफिसांना जड जाते, हे मान्य. तरी मे महिन्याचे विद्यावेतन ‘काम नव्हते’ म्हणून थांबवू नका. काम असतेच. सरतपासणीची प्रतिज्ञापत्रे याच दिवसांत नीट लिहून होतात, साक्षीदारही मोकळा असतो. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र आणि हॅश व्हॅल्यू लागते. ते करताना ज्युनिअरला शेजारी बसवा. 1 जुलै 2024 ला तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले, त्याआधीच्या मेमध्ये ज्यांनी जुनी-नवी कलमे समोरासमोर मांडून अभ्यास केला, त्यांना जुलैमध्ये कोर्टात उभे राहताना अडखळावे लागले नाही.

कायद्याचे विद्यार्थीही याच वेळी विचारत येतात. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान 12 आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान 20 आठवड्यांची इंटर्नशिप लागते. त्यांना घ्या, पण पहिल्या दिवशी गोपनीयतेबद्दल बोला आणि फाईलचा फोटो काढायचा नाही हे स्पष्ट सांगा.

काम मिळवण्याची घाई

रिकाम्या दिवसांत एखादा एजंट ‘ऑनलाइन लीड’ विकायला येतो. त्याला नको म्हणा. बार कौन्सिलच्या नियम 36 खाली काम मागणे आणि जाहिरात करणे निषिद्ध आहे. 2008 च्या दुरुस्तीने संकेतस्थळावर नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र अशी ठरावीक माहितीच देता येते. ते मेमध्ये जरूर अद्ययावत करा.

पक्षकाराला कळवा

सुट्टीत सर्वांत जास्त फोन ‘माझ्या तारखेचे काय झाले?’ या एकाच प्रश्नासाठी येतात. प्रत्येक पक्षकाराला सुट्टीआधी असा निरोप पाठवला, तर ते निम्म्याने कमी होतील:

‘नमस्कार. आपल्या दाव्याची पुढची तारीख 17 जून आहे. कोर्टाला सुट्टी असल्याने मेमध्ये तारीख नाही. आपण 10 जूनपूर्वी 2019 च्या खरेदीखताची मूळ प्रत ऑफिसात आणून द्यावी. या काळात समोरच्याने बांधकाम सुरू केल्यास, कोर्टाची किंवा नगरपालिकेची नोटीस आल्यास त्याच दिवशी फोन करावा. आम्ही 12 ते 20 मे बाहेरगावी आहोत, तेव्हा ज्युनिअर वकील फोन घेतील.’

निरोप त्या-त्या पक्षकाराला वेगळा पाठवा. एकाच गटात सगळ्यांना टाकले, तर कोणाची कसली केस चालू आहे ते गावभर होते.

कोर्ट उघडण्याआधीचे तीन दिवस

शुक्रवारी, शनिवारी आणि रविवारी पुढच्या क्रमाने बसा.

1. मुदत सुट्टीत संपलेल्या सर्व फायली टेबलावर. सह्या, कोर्ट फी आणि ई-फायलिंगचे अपलोड शनिवारपर्यंत पूर्ण. सर्व्हर सोमवारी सकाळी हमखास मंदावतो.
2. पहिल्या आठवड्याचा बोर्ड ई-कोर्ट्सवरून उतरवून डायरीशी ताडून पाहा. न्यायाधीशांच्या बदल्या बहुधा याच सुमारास झालेल्या असतात, त्यामुळे प्रकरण दुसऱ्या कोर्टात गेले का तेही तपासा.
3. सुट्टीत मिळालेले तात्पुरते हुकूम वाचा. त्यात ‘नियमित कोर्टासमोर अमुक तारखेला’ असे लिहिलेले असते, आणि ती तारीख बहुतेक वेळा पहिल्याच आठवड्यातली असते. समोरच्याला नोटीस बजावल्याची पोच तोवर फायलीत लावलेली हवी.
4. सोमवारी कारकुनाला दाखल करण्याच्या खिडकीवर उघडण्याच्या वेळेआधी उभे करा. कलम 4 च्या फायली त्याच्या हातात सर्वांत वर.